आत्येचं तेल आणि माझा शोध

लालबाग,
शनिवार सकाळ

ती. अंबिका आत्येस,

आकांक्षाचा वाकून नमस्कार (खुर्चीत बसल्या बसल्या वाकता येतं तेवढाच). गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला का? आम्ही मजेत. बाबा मंडळाच्या मिटिंगांमुळे घरात दिसत नाहीत, म्हणजे तेही मजेतच. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, थेट लग्नावर येतेस. म्हणून कागद. तर आत्ये, तुझ्या खोबरेलाने माझा शोध बुडवला.

नीट सांगते. माझं काम असं, की नखाएवढ्या स्फटिकातून लेझरचा उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. जो पोचला नाही तो स्फटिकाने गिळला. या लेझरचा रंग जरा जरा सरकवता येतो (डोळ्यांना दिसत नाही, पण रंगच तो). रंग सरकवायचा, मोजायचं, लिहायचं, चार महिने हेच. तर दिवाळीनंतर आलेखात एका जागी हा एवढा खड्डा पडला. तिथे स्फटिक भसाभस उजेड गिळत होता आणि कुठल्याच पुस्तकात त्याची नोंद नव्हती! माझे गाइड शरच्चंद्र सर (हसले तर तारीख लिहून ठेवावी असे) यांनी चक्क पेढे मागवले आणि परिषदेला निबंधाचा सारांश पाठवूनही दिला. माझी अख्खी पीएच.डी. त्या एका खड्ड्यावर उभी राहिली.

मग मला अवदसा आठवली आणि मी दुप्पट जाड स्फटिक लावून बघितला. जाड तुकड्याने दुप्पट गिळायला हवं ना? खड्डा तेवढाच! म्हणजे गिळणारा आत नाही, वरच कुठेतरी चिकटून बसलाय. तीन दिवस डोकं धरून बसले. शेवटी आमच्या लॅबच्या कुशाबांनी (भोईवाड्याचे, तीस वर्षं इथल्या काचा पुसतायत) स्फटिकाची डबी नाकाशी नेली आणि म्हणाले, बाय, हे तर खोबरेल. मी म्हटलं, शक्यच नाही, मी हातमोजे घालते! तर म्हणाले, घालतेस गो, आणि त्याच हातांनी दर पाच मिनिटांनी वेणी मागे टाकतेस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही स्फटिक अॅसिटोनने पुसले, खड्डा गायब.

खूप रडले. पण आता रडून झालं. काल सरांना ताठ मानेने सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चूक कबूल करायला धीर लागतो, असं काहीसं म्हणाले. सोमवारपासून मी पहिल्या रंगापासून सगळं पुन्हा मोजणार, डोक्याला प्लास्टिकची टोपी लावून. चार महिने लागोत नाहीतर आठ. हा स्फटिक खरंच किती उजेड गिळतो ते काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही, सांगून ठेवते.

आतोबांना नमस्कार.

तुझीच,
आकांक्षा

ता. क. तेलाची एक बाटली लगेच पाठव. केसांना नव्हे. नुसत्या तेलाचा खड्डा मोजून आधीच्या खड्ड्यावर ठेवायचाय, म्हणजे चूक नेमकी कशाची ते परिषदेत सगळ्यांना दाखवता येईल. दुकानातलं चालणार नाही, गुन्हा तुझ्या घाण्यावरच्या तेलाचा आहे.

ता. क. २. सरांना सांगितलं असं वर लिहिलंय ते खोटं आहे. काल त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. हे पत्र सोमवारी पर्समध्ये घेऊन निघणार. आधी सर, मग पोस्टाची पेटी. तेव्हा तुझ्या हाती पडलं म्हणजे समज, सांगून झालं.