मेंदी वाळू देऊ नको

माय,

तू तापीवर कार्तिकस्नानाला गेलीस, तेवढ्यात मी निघालो. भोपाळची गाडी दुपारीही आहे, पण तू फलाटावर पदर डोळ्यांना लावला असता आणि मी ट्रंकेसकट घरी परत आलो असतो. मग नव्या मध्यप्रदेशाचा कारभार कोण बघणार? पहिल्याच महिन्यात एक कारकून कमी, म्हणजे थेट अराजक.

लोखंडी कढईत तुझ्या केसांसाठी मेंदी भिजवून ठेवलीय. चहाचं पाणी, वाटीभर दही आणि थोडं तिळाचं तेल घातलंय. लिंबू घातलेलं नाही, तूही पिळू नको. मागल्या वेळी तू मेंदी डोक्यावर घेऊन पापड लाटत बसलीस, ती पार वाळली आणि केसांचा पेंढा झाला. शेजारची मालूमावशी म्हणाली, "अवं मथुरा, डोकं शाकारलं का काय?" म्हशीनंही एकदा मान वर करून पाहिलं, पण ती दूध देते म्हणून मी तिला काही बोललो नाही.

या वेळी मेंदीवर केळीचं पान बांध. पान आधी चुलीच्या धगीवर धर, म्हणजे फाटत नाही. मेंदी ओली असतानाच धू, आणि साबण आज नकोच.

मागच्या बाजूला तुझा हात पोचत नाही. मालूमावशी लावून देते म्हणाली, मी तिला नको सांगितलं. तेवढं पांढरं राहू दे, संक्रांतीला येऊन मीच लावीन. कुणी विचारलं तर सांग, ती जागा पोरासाठी राखून ठेवलीय.

गिरधर