तक्त्यात नसलेलं वासरू

अल मन्सूरा, दोहा
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही इथे मजेत आहोत. बबीतावहिनींना आणि तुझ्या सहाही गाईंना माझी आठवण सांग. माझी मैत्रीण चैत्राली उद्या पुण्याला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर मी नुसतं हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते.

गाई विकून इथे येतो, नोकरी बघ, म्हणालास. मी बघितलीच नाही. रागावू नकोस.

मी इथल्या डेअरीत हिशेब बघते. गेल्या आठवड्यात, तुझं कुठे चुकलं हे विचारायला, आमच्या गुरांच्या डॉक्टर हनिया यांना मी तुला करून दिलेला तक्ता दाखवला. दूध वाढवायच्या हार्मोनच्या इंजेक्शनचा खर्च, वाढलेलं दूध, जास्तीची पेंड, सगळं त्यात होतं. भाकड दिवस मी तोटा म्हणून जवळजवळ पुसूनच टाकले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपकी शीट में बछड़ा कहाँ है?"

दादा, नव्हतं. गोठ्यात वाढलेली मी वासरूच विसरले! इंजेक्शनवर दूध काढतच राहिलो आणि गाय गाभण राहू दिली नाही, तर पुढचं वेत कुठून येणार? दोन वर्षं तुझ्याकडून खरवस आला नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. त्यात तुझं बघून गावात चौघांनी, मग पंचक्रोशीने तेच केलं, दूध वाढलं आणि दूधसंघाने दर उतरवला. पेंडीचं बिल मात्र चढतच राहिलं.

तू म्हणतोस, माझ्याच हाताला यश नाही. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. चूक माझी होती, आणि कळूनही आठ दिवस मी गप्प बसले. लाज वाटत होती.

दिवाळीला तू इंजेक्शन बंद केलंस ते बरं केलंस. काल वहिनींचा निरोप आला, रेतन केल्यापासून कपिला दोन खेपा माजावर आलेली नाही. हनिया म्हणाल्या, "चेक करवाइए, गाभिन होगी, इन्शाल्ला." मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडले.

म्हणून विकू नकोस. नवा तक्ता सोबत आहे. पहिला रकाना वासराचा, भाकड दिवस पुरते साठ. नफा कमी दिसतो, पण या वेळी तो खरा आहे.

गणपतीची तिकिटं काढली आहेत. कपिला गाभण असली तर तेव्हाच विईल. मागायला तोंड नाही, तरी मागते: थोडा चीक राखून ठेव.

तुझी माफी आणि खरवसाची वाटी, दोन्हींची वाट बघणारी,
तेजू