बदलीची सुट्टी

जबलपूर, २३ नोव्हेंबर १९६५

चि. सौ. सुनेत्रास अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

अकरा रविवार कारखान्यात काढले, त्याची खरी किंमत अशी: एक नवा चष्मा, चुकलेली दोन लग्नं आणि तुझ्या वहिनीचा आठवडाभराचा अबोला. लढाई थांबली, तोफांचं काम काही थांबून नाही राहिलं. कायद्यानं अशा प्रत्येक रविवारच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत एक सुट्टी मिळते. पण माझ्या खात्यातल्या चाळीस माणसांपैकी एकानंही ती मागितली नाही. मीही एक दिवस घरी बसलो नाही. मोठे साहेब म्हणाले, नीलकंठजी, ऐसा सेक्शन दूसरा नहीं. खलाशी म्हणून, ओझी उचलायला लागलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तुझा रत्नाकर माझ्या खात्यात मजेत आहे. तुझ्या हातचं खाऊन सुटलेलं पोट आत गेलं, एवढंच. अर्धांगाच्या झटक्यानंतर विष्णुपंतांचा उजवा हात आता कसा आहे? पोरगा येईल शहपुऱ्याला सवडीनं. काळजी करू नको.

तुम्हा दोघांचा लोभ आहे तसाच राहू द्या.
अण्णा

शहपुरा, ३ डिसेंबर १९६५

ती. अण्णांस सुनेत्राचा नमस्कार. वि. वि.

तार मिळाल्यावर रत्ना सोमवारी आला. तोवर ह्यांना दुसरा झटका येऊन वाचा गेली होती.

दिवाळीपासून हे रोज विचारत, रत्ना कधी येतो. तो कारखान्यात लागला तेव्हा ह्यांनी त्याला घरातून जा म्हटलं होतं. तो शब्द त्यांना त्याच्यासमोर परत घ्यायचा होता. पत्रात लिहू का विचारलं, तर नको म्हणाले. आता रत्ना उशाशी बसतो, हे ओठ हलवतात, आणि दोघं माझ्याकडे पाहतात. मी सांगितलं त्याला. आईच्या तोंडून ते त्याला पटलं नाही.

तो म्हणतो, मामांकडे तीनदा सुट्टी मागितली. घरचा माणूस आधी सोडला तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही म्हणालात. अण्णा, मोटारीनं दोन तासांचा रस्ता. काहून असं केलं?

भांडायला लिहिलं नाही. वहिनींना नमस्कार. माया कमी करू नका.
सुनेत्रा

जबलपूर, ९ डिसेंबर १९६५

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. रत्नाकर खरं बोलला. पण त्याला नुसतं अडवलं, एवढंच नाही. दुसरं कोणी सुट्टी मागायला आलं की मी त्याच्याकडे बोट दाखवायचो. सगा भांजा नहीं माँगता, तुम काहे माँगते हो? लोक मान खाली घालून परत जात. गणपतची बायको बाळंतपणाला टेकलेली, तोही तसाच परत गेला. माझे कान तिखट. पाठीमागे रत्नाकरला काय बोलत ते ऐकू यायचं, आणि मी हसून सोडायचो. रत्नाकर तिथेच यंत्रावर असायचा. मीही मागितली होती, असं एकदाही त्यानं त्यांना सांगितलं नाही.

काल साहेबांना सगळं सांगितलं. सप्टेंबरच्या सुट्ट्यांची मुदत टळली, त्या गेल्या. उरलेल्या सोमवारपासून देऊन राहिलो. रत्नाकरला आठ मिळतील, सगळ्या लागून. वडिलांजवळ बसू दे त्याला. विष्णुपंतांना माझ्या वतीनं काही सांगू नको. मी स्वतः येईन.

तुझा लोभ राहावा, असं लिहायला आज हात धजत नाही.
अण्णा

ता. क. खात्याच्या सुट्ट्यांच्या वहीत त्या अकरा रविवारांच्या बदल्यात दिलेली एकच सुट्टी आहे. गुरुवार, चौदा ऑक्टोबर. नाव माझं. त्या दिवशी सकाळी मी नर्मदेवर ग्वारीघाटाला नावेत बसलो आणि दुपारी घरी येऊन झोपलो.