डावीकडच्या खुंट्या

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पडदा, दोन स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आमचा तंत्रज्ञ तुझ्याकडे येऊन गेला. स्पीकर इथे नको तिथे ठेव करत तू त्याला घामाघूम केलंस, हे त्याने ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. म्हणजे तुझी प्रकृती ठणठणीत आहे, असं मी धरून चालते.

काम असं आहे. तू निवृत्त होईपर्यंत ज्या सभागृहात ऑर्गन वाजवलास, तिथल्या त्या भिंतीएवढ्या ऑर्गनची एकेक नळी आम्ही ध्वनिमुद्रित केली आहे. तुझ्या घरच्या सरावाच्या ऑर्गनच्या पट्ट्या दाबल्यास की कॉम्प्युटर त्याच नळीचा आवाज काढेल. पडद्यावर खऱ्यासारख्या खुंट्या आहेत. बोट लावलं की खुंटी बाहेर येते आणि नळ्यांचा तो संच बोलू लागतो. मला दोनच गोष्टी सांग. आवाज पटतो का, आणि पडद्यावर हवी ती खुंटी चटकन सापडते का. पडद्याची मांडणी माझी आहे, तेव्हा शिव्याही मलाच दे. भाचीचं मन राखायला जाऊ नकोस.

फोनवर तू "बरं आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून सविस्तर लिहूनच पाठव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठकी

दि. १० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मन राखायला मला कधी जमलंय? आधी आवाज. बासरीचा संच अस्सल आहे. पहिला सूर लावला आणि अंगावर काटा आला. पण पट्टी सोडली की घुमारा कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सभागृहात तो वर छताला जायचा, जरा रेंगाळायचा, मग विरायचा. दुसरं म्हणजे, सगळ्या खुंट्या ओढून वाजवलं की खऱ्या ऑर्गनचा भाता दमतो, सूर किंचित बसतो. तुमचा भाता पहिलवान आहे, त्याला दम म्हणून लागत नाही. थोडं माणसात आणा त्याला.

आता पडदा. लाकडाची चित्रं सुरेख काढलीस आणि अक्षरं मुंगीएवढी ठेवलीस. ते एक वेळ चालेल. पण पायांनी वाजवायच्या खर्जाच्या सुरांच्या खुंट्याच तुम्ही गाळल्यात! खर्ज नसलेला ऑर्गन म्हणजे पाया न घालता बांधलेलं घर. हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?

बाकी सगळं ठीक. फाटकाचा खांब पुन्हा गाडीला घासला. तुझे बाबा म्हणतात माझं लक्ष नसतं. मी म्हणते गवंड्याने खांबच वाकडा बांधलाय. शिकवणी संपली की दोघी लहान मुलींना अजून मीच घरी सोडते, त्या काही तक्रार करत नाहीत.

वेळेवर जेवत जा. माया मागावी लागत नाही, ती आहेच.

आत्या

दि. १७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घुमारा दुरुस्त केला. भात्याला दमवायचं कसं, यावर ऑफिसात दोन तट पडलेत. पण हे पत्र त्यासाठी नाही.

खर्जाच्या खुंट्या आम्ही गाळलेल्या नाहीत. पडद्याच्या डाव्या कडेला, खऱ्या ऑर्गनवर होत्या तिथेच आहेत. म्हणून तर परवा तंत्रज्ञाला पाठवलं. तो सांगत होता, तू वाजवत असताना त्याने डावीकडच्या एका खुंटीला बोट लावलं तेव्हा हा आवाज कुठून आला असं तू त्यालाच विचारलंस. मान वळवल्यावर ती तुला दिसली आणि तू त्याला म्हणालीस की ही आत्ताच उगवली. जाताना त्याने गाडीही पाहिली. घासली आहे ती डाव्या बाजूनेच.

आत्या, मला वाटतं तुला डावीकडचं दिसत नाहीये. ऑर्गनवर तुझा हात न बघता खुंटीवर जायचा, त्यामुळे कधी जाणवलं नसेल. पडद्याकडे मात्र बघावंच लागतं. मी बाबांना सांगितलंय. ते उद्या डॉक्टरांकडे न्यायला येतील. गाडीची किल्ली त्यांच्याकडे दे. निदान त्या मुलींना तरी गाडीत बसवू नकोस.

रागावलीस तरी चालेल.

ठकी

दि. १९ मार्च

चि. ठकीस,

मी ऑर्गन तपासायला बसले होते. तुम्ही मला तपासाल हे ठाऊक नव्हतं. चहाडी माझ्या सख्ख्या भावाकडे केलीस, आणि त्याने शेजाऱ्यांसमोर माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझे बाबा कळवतीलच, हल्ली तुमचं बरं जमतं. मायेचं सध्या विचारू नकोस.

आत्या

दि. २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी सगळं सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूत कधीतरी बारीकशी गुठळी अडकली आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू घेऊन गेली. ती परत येणार नाही हेही सांगितलं. औषध सुरू झालं नसतं तर पुढची गुठळी मोठी असती, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

किल्लीचं दुःख मला कळतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मला येतं तेवढं केलंय. सोबत नवीन मांडणी पाठवते. सगळ्या खुंट्या उजवीकडे घेतल्यात आणि अक्षरं मोठी केलीत. बाजारात हीच आणू या असं मी साहेबांना सुचवलंय. वाजवून बघशील?

ठकी

दि. १४ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वाजवून बघितलं. नापास.

अगं, खर्ज डावीकडेच हवा. जगभरचे वाजवणारे हात तिकडे नेणार आणि तू एका म्हातारीसाठी पंगतच उलटी मांडणार? जुनी मांडणी परत आण. अक्षरं मात्र मोठीच ठेव, ती सगळ्यांच्याच उपयोगी पडतील. मला एवढंच करून दे, की पडद्याच्या अगदी डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड लाल रेघ ओढ. दवाखान्यातली बाई मला शिकवते आहे, लाल रेघ दिसेपर्यंत मान वळवत राहायचं. वाचायच्या पुस्तकांना मी तशी रेघ ओढलीच आहे. सवय होते आहे, मान मात्र दुखते.

घुमारा आता ठीक. भाता अजून गुर्मीत आहे.

त्या दोघी मुलींची आई आता त्यांना न्यायला येते. मी परवा तिला खरं कारण सांगितलं. ती माझा हात धरून बसली. तुझ्यावरचा माझा राग तिथे संपला.

भात्याचं पत्रातून समजणार नाही. खऱ्या ऑर्गनशेजारी उभं राहून ऐकायला हवं. रविवारी सभागृह उघडं असतं. तू ये आणि मला घेऊन चल. गाडी तू चालव. मी गप्प बसेन असं नाही, पण डावीकडे काय काय चाललंय ते मला वाटेत सांगत राहा.

आत्या