वरची खोली भागीदाराची

कोटा बारू
शुक्रवार, ८ मार्च

प्रिय फौझी,

अस्सलामु अलैकुम. रोजे तोंडावर आलेत. रुसलानचे गुडघे आहेत तसेच दुखतायत, तुझ्या या दाजींची जीभ मात्र शाबूत आहे. सोबत माशाचे पापड पाठवतेय. तुझ्या बायकोला म्हणावं, तेल चांगलं तापू दे.

आईची ठेव काढायच्या कागदांवर मी सही करत नाही म्हणून तू फोनवर ओरडलास, "सही करतेयस की नवं घर बांधतेयस?" मी पूर आला, पाहुणे आले, असल्या थापा मारल्या. खरं सांगितलं तर तू हसशील, असं वाटत होतं. आता हस.

आमचं घर बँकेच्या भागीदारीतलं, ठाऊकच आहे तुला. व्याज नाही. बँकेचा हिस्सा दरवर्षी थोडा विकत घ्यायचा, उरलेल्याचं भाडं भरायचं. रुसलानने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "वरची मागची खोली भागीदाराची. सलाम केल्याशिवाय कुणी आत जायचं नाही!" थट्टाच ती, पण सवय लागली. केर काढायला गेले तरी मी दारात सलाम करायची.

आई गेल्यानंतर एका दुपारी मी असाच सलाम केला आणि आतून उत्तर आलं. आधी कोरडा खोकला, मग "वालैकुम सलाम". कुणाचा खोकला, ते तुला सांगायला नको. खोलीत कुणी नव्हतं. माझ्या हातातला झाडू गळून पडला.

रुसलान म्हणतो, "भाडं वाढवून नाही ना मागितलं?" दुसऱ्या दिवशी ऐट करत तोही वर गेला. खाली आला तो कठडा घट्ट धरून. तेव्हापासून थट्टा बंद आहे.

ठेवीची चौकशी करायला मी बँकेत गेले. तिथली मुलगी खुशीत होती. "काकू, यंदा आपल्या बँकेला झकास नफा झालाय! तुमच्या आईंच्या खात्यातसुद्धा त्यांचा वाटा जमा झालाय."

"हा नफा येतो कुठून गं?"

"ठेवीदारांचे पैसे आम्ही लोकांच्या घरांत घालतो ना, त्याच्या भाड्यातून. काय सांगावं, आईंचे तुमच्याच घरात असतील!" ती हसली.

व्याज नको म्हणून तांदळाच्या डब्यात पैसे ठेवणारी आपली आई. ही बँक आली तेव्हा कुठे तो डबा रिकामा झाला. माझ्याकडे राहायला ये म्हणून मी किती विनवलं तिला. "लेकीच्या दारात फुकट बसायची नाही मी. माझा वाटा असेल तर येईन." आता वाटा आहे. ती आली.

म्हणून सही होत नव्हती, फौझी. ठेव काढली की ती जाणार. मला तिला सोडवत नाही रे. दुपारचा चहा मी वरच नेते, दोन कप.

पण महिनाअखेर हे पैसे भरले नाहीत तर जोहोरचं घर तुझ्या हातचं जाईल. तेही त्याच बँकेच्या भागीदारीतलं. आणि आई गेली तेव्हा तू पोहोचेपर्यंत माती देऊन झाली होती. तुझी चूक नव्हती. पण तिचा शेवटचा शब्द मला मिळाला, तुला नाही.

आज सकाळी सही केली. पेन खाली ठेवलं आणि वर कपाटाचं दार वाजलं. मग पेटी ओढल्याचा आवाज आला. ती आवरतेय.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, टपाल बंद आहे. पाकीट रविवारी टाकीन. तेवढे दिवस मला दे.

नव्या घरात एक खोली रिकामी ठेव. दारात सलाम कर आणि लगेच मागे वळू नकोस. आधी ती खोकते.

आईला तुझ्या हवाली करणारी,
तुझी बहीण
सालबिया