ओप्पारीत न घेतलेलं नाव

कदिरवन, माझ्या पाठच्या भावा,

नॉर्वेला एका कार्यक्रमात ओप्पारी गाऊन आले. आपण मयताच्या दारात गातो, तीच. पहिलं गाणं लोकांनी देवळात बसल्यासारखं गप्प ऐकलं. कोण गेलंय तेच ठाऊक नाही, तर गळा भरून येणार कसा? मी दुभाषी पोरीला म्हटलं, "विचार यांना, कुणाचं कोण गेलं? नाव सांगा, त्याचं आवडीचं खाणं सांगा."

एक म्हातारी उठली. "आर्ने, माझा नवरा. सुकी मासळी खायचा. समुद्रावर गेला, तो आलाच नाही."

मी केस सोडले. छाती बडवत आर्नेला हाका मारल्या, ताटातली मासळी निवली म्हणाले. शब्द तमिळ, पण सगळं सभागृह रडलं. म्हातारीनं हात धरून विचारलं, "तुझं कोण गेलं गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

इथे अम्मा रोज टोचते, "गावाच्या मढ्यांसाठी रडतेस, भावासाठी तोंड शिवलंयस. त्याच्या बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, अजून काय हवंय तुला?"

बोलू दे तिला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, इतकंच मी मानते. तुझं नाव मी जेवायला हाक मारण्यासाठी राखून ठेवलंय.

तुझी अक्का,
सेव्वंदी