धुराड्यातून धूर येतोय, सर

सर, तुमच्या गावाला मी कधीच गेलो नाही. तरी डोळे मिटले की तिथला रस्ता दिसतो, कारण सिंगापुरात, तोआ पायोहच्या तुमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मला निबंध शिकवता शिकवता तुम्ही तो अनेकदा मांडलात. मिठाची बरणी म्हणजे चर्च. चहाचा कप म्हणजे गावातलं एकुलतं दुकान: पुढे पीठसाखर, आत दारू, मागच्या खोलीत शवपेट्या, मालक एकच. "गिऱ्हाईक शेवटपर्यंत हातचं जायचं नाही," म्हणून तुम्ही खोकला येईपर्यंत हसायचात. आणि टेबलाच्या अगदी कडेला तुमचा चष्मा काढून ठेवायचात. ते तुमचं घर. तिथे आता तुमचा थोरला भाऊ एकटा राहत होता, आणि तुमच्या लग्नापासून, म्हणजे एका चिनी मुलीशी तुम्ही सिंगापुरात लग्न केलंत तेव्हापासून, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नव्हतात.

आयर्लंडच्या पश्चिमेचं एका रस्त्याचं गाव. वर डोंगरावर बिनछपराची घरं, बटाटा कुजला त्या दुष्काळात रिकामी झालेली, आणि त्याच दिवसांत मूठभर पिठासाठी उपाशी माणसांनी रचलेली एक भिंत, जी चढत चढत जाते आणि मध्येच संपते. कशाची राखण करते ती, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "कशाचीच नाही. फुकट द्यायचं नाही, एवढ्यासाठी बांधून घेतली." मग गवताचे दिवस, सगळं गाव एकेकाच्या शेतावर, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अरे, ही तर आपली इर्जिक!" दलदलीतली माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात, यावर तिचा निकाल: "गोवऱ्याच की!" तुमचं गाव तिने परस्पर साताऱ्याशेजारी नेऊन ठेवलं होतं. ती थालीपीठ पाठवायची, तुम्ही त्यावर तुमच्याकडचं लोणी थापायचात आणि सिंगापुरी शेपूट जोडून म्हणायचात, "आता हे आयरिश झालं, लाह."

पण सगळ्यात जास्त तुम्ही धुराड्यांबद्दल बोलायचात. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकून जागे करायचे, आणि बाहेर येऊन आधी दुसऱ्याच्या घराकडे बघायचं. न्याहारीच्या वेळेपर्यंत ज्याच्या धुराड्यातून धूर नाही, त्याचं दार कोणीतरी वाजवायचंच. बांधावरून डोकी फुटलेली असली तरी. "भांडण दुपारनंतर," तुमची आई म्हणायची.

तुमच्याच शिफारशीवर मला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निघायच्या आधी तुम्ही मला एक लोकरीचा मफलर दिलात. तुमच्या बायकोने जाण्याआधी विणलेला, या घामाच्या बेटावर कोणाच्याच उपयोगाचा नसलेला, तुम्ही कधीतरी हिवाळ्यात घरी जाल म्हणून. तो माझ्या गळ्यात घालताना म्हणालात, "कॉलेजपासून गावापर्यंत थेट बस आहे. दार वाजवू नकोस. माझं नाव काढू नकोस. फक्त सकाळी रस्त्यावर उभं राहून धूर येतोय का बघ. आला तर समजायचं, तो आहे. मग मी त्याला फोन करेन. आणि नाही आला तर लगेच सांग, मी मिळेल त्या विमानाने निघतो."

एवढंच काम होतं सर. एक बस.

ऑक्टोबरात एका रविवारी तुमचा फोन आला. मी तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत त्या मुलीच्या फोनची वाट बघत होतो. ती जुरोंग ईस्टच्या महागड्या कॉन्डोतली, तुम्हांला माहीत होती, तिच्यावरून तुम्ही मला चिडवायचात. तिने आदल्या दिवसापासून मेसेज उघडला नव्हता. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो, भिंतीवर आपटून कप फोडला होता, आणि तुम्ही विचारलंत, "जाऊन आलास?" जमलं नाही, पुढच्या आठवड्यात जातो, असं म्हणता आलं असतं. पण मला फोन मोकळा हवा होता. मी म्हणालो, "हो सर. धूर येतोय." मग म्हणालात, "सरळ वर जातो की वाऱ्याने समुद्राकडे वळतो?" मी म्हणालो, "समुद्राकडे." तुम्ही इतक्या हलक्या आवाजात हसलात. "मग घाई नाही. म्हातारा ठीक आहे. फोनवर काय बोलायचं, उन्हाळ्यातच जातो, थंडी मला सोसायची नाही."

नाताळच्या आधी मी कॉलेज सोडलं. परीक्षा टाकून, बाबांच्या कार्डावर तिकीट काढून सिंगापूरला आलो आणि थेट तिला मॉलमध्ये गाठलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी सोडलंस? मी सांगितलं होतं?" तिच्याबरोबर दुसरा कोणीतरी होता. मी त्याची कॉलर धरली, सिक्युरिटीवाल्याने मला बाहेर काढलं. तुम्हांला यातलं काही कळवलं नाही. तुमच्या हिशेबी मी आयर्लंडमध्येच होतो.

जानेवारीत तुमचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातच, यिशुनच्या आमच्या घरात बनियनवर, पंख्याखाली बसलो होतो. तुमचा भाऊ गेला होता. गावाच्या पाद्र्याने कळवलं होतं. तो सप्टेंबरपासून शहरातल्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होता, घराला कुलूप होतं. "येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा म्हणे, धाकटा आला का." हे सांगून तुम्ही नाक शिंकरलंत. मग तुम्हीच म्हणालात, "तू शेजारच्या घराचा धूर पाहिला असशील. धुक्यात होतं असं."

तुम्ही दार उघडून दिलंत आणि मी त्यातून पळालो. "हो सर, तसंच झालं असेल."

"थंडी फार असेल तिथे. मफलर घालतोस ना?"

"हो सर."

त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. आई झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मेल्या, तो माणूस याच ट्रेनच्या लाइनवर तिकडे एकटा रडत बसलाय आणि तू आयर्लंडमध्ये?" मी तिच्यावरच ओरडलो. तिने डबा भरला आणि एकटी MRT ट्रेनने तुमच्याकडे गेली. तुम्हांला काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही मेलात तेव्हा तुम्हांला खरं माहीत होतं की नाही, हे कळलं असतं. तो उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत. तुमच्या अंत्यविधीला मी शेवटच्या रांगेत उभा होतो आणि रडू येत नव्हतं, म्हणून चिडलो होतो.

त्याला आता वर्षं झाली. मी अजून यिशुनलाच आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवण्याची छाती झाली नसती. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक म्हातारे अंकल एकटे राहतात. पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लागते, ते काहीतरी उकळत ठेवतात. चहा घेता घेता मी तिकडे बघतो. रोज बघतो सर, तुमच्यासाठी, असं स्वतःला सांगत आलोय.

गेल्या मंगळवारी ट्यूब लागली नाही. मी चहा संपवला. घड्याळ पाहिलं. बुटाच्या नाड्या बांधल्या. लिफ्टने खाली आलो, त्यांच्या ब्लॉकच्या दारापर्यंत गेलो, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून स्टेशनकडे वळलो. संध्याकाळी ट्यूब चालू होती. मुलीकडे गेले होते म्हणे.

पण हे मला सकाळी माहीत नव्हतं.